इथं कुणी पोचत नाही

जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्याच्या फाटकाशी
वजनकाटा आहे. त्याच्या डब्यातला प्रोग्राम माझा.
सी मध्ये, एकतीसशे ओळी.
त्यातली अकराशे आठवी मला झोपेतही दिसते.

काट्याच्या अवस्था मी चार मानल्या होत्या:
रिकामा. गाडी चढतेय. गाडी उभी. गाडी उतरतेय.
चार केस, आणि खाली डिफॉल्ट.
डिफॉल्टमध्ये काय लिहायचं?
कंपायलर कुरकुरत होता, की बाई,
यातलं काहीच नसलं तर हे फंक्शन परत काय देणार?
ढाकणे सर चहा फुंकत म्हणाले,
"अनरीचेबल टाक. गप्प बसेल."
टाकलं.
गप्प बसला.

मला वाटलं, ही पाटी आहे.
माझे वडील पैठणला पाटबंधाऱ्यात होते, अशाच पाट्या रंगवायचे,
पिवळ्यावर काळं: पुढे रस्ता नाही.
जुना डांबरी रस्ता धरणाच्या पाण्यात शिरतो, तिथं रोवायचे.
वाचणारा थांबतो.
न वाचणारा चपला भिजवतो, आणि थांबतो.

पण ही पाटी नव्हती, शपथ होती,
आणि कंपायलर शपथेवर विश्वास ठेवणारा प्राणी.
बाईनं लिहून दिलंय ना, इथं कुणी पोचत नाही?
मग तपासणी कशाला, चौकट कशाला, भिंत तरी कशाला?
सगळं काढून टाकलं त्यानं. मूठभर बाइट वाचवले.
भिंतीपलीकडे जे फंक्शन नांदत होतं
ते आता थेट लागून आलं, मधे उंबरासुद्धा नाही.
ते होतं: पावती छापा.

मार्च. रात्रीचे अडीच. मुख्तारभाईंचा फोन.
"मॅडम, काटा पावत्या फेकून रायला.
गाडी नई, मानूस नई, आन थांबंना."

स्कूटीवरून गेले. केबिनमध्ये घोट्यापर्यंत कागद.
गाडी क्रमांक: कोरा.
वजन: शून्य किलो.
धन्यवाद, पुन्हा या.

घुशीनं वायर कुरतडली होती. बस, एवढंच.
तारेतून अवस्था क्रमांक सात आला,
माझ्या चारांत नसलेला,
आणि नसलेल्या दारातून आत चालत गेला.

मुख्तारभाई प्रिंटरची वायर हातात धरून उभे.
"येनार नाही असं कुनी लिहून दिलं होतं का मॅडम?"
मी म्हणाले, "मीच."
त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

टेबलावर चाचणी करायचो तेव्हा
त्याच शब्दाच्या जागी आमचा राखणदार असायचा,
कुणी आलं की बोंब मारून सगळं थांबवणारा.
कारखान्यात पाठवताना एक स्विच फिरवला
आणि राखणदाराची शपथ झाली. नाव तेच.
हे मला माहीत होतं. माहीत असून मी सही केली.

आता तिथं लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो,
काटा जागच्या जागी उभा राहतो.
ढाकणे सर म्हणाले, "वेग कमी होईल."
विचारलं, "किती?"
ते बोटं मोजत राहिले, मग हसले.

एक अनरीचेबल मात्र ठेवलंय,
शेवटच्या न संपणाऱ्या लूपच्या खाली.
शेजारी टिप्पणी: कुणी म्हटलं, कधी, कशावरून.

ही सवय वडिलांची.
पाटीच्या कोपऱ्यात ते बारीक तारीख घालायचे.
एका दुष्काळात पाणी इतकं हटलं
की पाटीमागचा रस्ता उघडा पडला,
आणि लोक गुरं घेऊन त्यावरून पार पलीकडे गेले.
वडील सायकलवर बघायला गेले.
पाटी काढली नाही त्यांनी.
खिशातली पेन्सिल काढून
जुन्या तारखेखाली त्या दिवसाची लिहिली.

मुख्तारभाईंनी त्या रात्रीच्या पावत्या फेकल्या नाहीत.
पाठकोऱ्या आहेत, म्हणतात, वर्षभर पुरतील.
परवा गेले तर एकीवर दुधाचा हिशोब होता.